पान लागलं

१२ ऑगस्ट

पोचले! पुणे ते नांदेड रेल्वे, नांदेड ते वसमत एसटी, आणि वसमतहून कुरुंद्याच्या पुढे एक काळीपिवळी. तिच्यात आम्ही चौदा जण होतो आणि माझ्या मांडीवर एका अनोळखी आजीचं मेथीचं गाठोडं होतं. चिंचझरीच्या फाट्यावर उतरले तेव्हा ड्रेसला मातीचा वास येत होता आणि मी उगीचच हसत होते. पहिली नोकरी, पहिलं गाव.

आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत एक लोखंडी बाक. मागे माझं क्वार्टर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद. केळीसारखी रुंद पानं, कमरेएवढी उंच. वारा आला की सगळं वावर एकदम कूस बदलल्यासारखं हलतं.

इथे डॉक्टर नाहीत. ते चौदा किलोमीटरवर, मोठ्या केंद्रात. इथे नर्स म्हणून मीच. तपासायचं, गोळ्या द्यायच्या, जमणार नाही ते रुग्णवाहिकेने पुढे पाठवायचं. सोबतीला आशाताई आहेत, नजमाआपा. पन्नाशीला आलेल्या, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांचे मालक गुलाम नबी गाद्या भरतात. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नवी उशी पाठवून दिली. पैसे घ्यायला तयार नाहीत.

ही वही बाबांनी दिली. रोज लिही म्हणाले. चौतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस आणखी काय देणार!

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. सरपंचांच्या शेजारी मला बसवलं. भाषणात माझा उल्लेख "पुन्याच्या शिकलेल्या बाई" असा झाला.

इथली बोली मला फार आवडायला लागली आहे. उलसं म्हणजे थोडंसं. काहून म्हणजे का. वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली आहे. कोणाला विचारून नाही, माझी मी लावलेली. लहानपणी धडा वाचताना शब्द अडला की मी बाबांकडे धावायचे आणि ते म्हणायचे, आधी त्याच्या शेजाऱ्यांना विचार. मागचं वाक्य बघ, पुढचं बघ, शब्द आपणहून बोलेल. वर्गात या प्रश्नाचे माझे मार्क कधी गेले नाहीत. इथे धड्याच्या जागी माणसं आहेत, एवढाच फरक.

शिवाय सारखं "म्हणजे काय, म्हणजे काय" केलं की लोक आपल्याला परकं समजतात.

२१ ऑगस्ट

आज एक छान शब्द सापडला.

लसीकरणाहून परत येताना पानटपरीवर देविदासमामा बसलेले होते. तोंड कायम लाल. नजमाआपा म्हणाल्या, "या मामाला परसाल पान लागलं व्हतं. डोळे उघडंनात, जीभ जड पडली, बोलायला येईना." पुढचं वाक्य ट्रॅक्टरच्या आवाजात बुडालं. त्याच वेळी मामांनी रस्त्यावर लांब पिचकारी मारली. मला हसूच आलं. पुन्हा विचारायची गरजही वाटली नाही, इतकं ते स्पष्ट होतं.

यादीत लिहिलं: पान लागणे – कडक तंबाखूच्या पानाने गुंगी येणे. सुपारी लागते तसं.

२ सप्टेंबर

पोळा. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली. पुनम पुरणपोळीचं ताट घेऊन आली. वीस वर्षांची, माहेर सेनगावकडचं पुसेगाव, लग्न मे महिन्यात झालेलं. बारावी झाली आहे. तिला नर्सिंग करायचंय. नवरा सोमेश्वर तयार आहे, सासूही. "आत्या म्हणल्या, शिक म्हणून. मला सुई टोचून घ्यायला घरचं माणूस व्हईल म्हणल्या." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूप वेळ हसली. फॉर्म कधी निघतात ते बघून सांगते म्हटलं. मला ताई म्हणते.

टेबलावर ही वही उघडी होती. काय लिहून राहिल्या ताई, बघू का, म्हणून तिने हात पुढे केला. मी मिटून ठेवली. आपल्या बोलीची कुणी यादी करतंय हे कळलं तर वाईट वाटायचं.

९ सप्टेंबर

दुपारचे तीन. जसं झालं तसं लिहिते. इथे तरी.

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं. वेळ नक्की, कारण चहाचं आधण ठेवून मी घड्याळाकडेच बघत होते. दारात पुनमच्या सासूबाई गोजरबाई, आणि त्यांच्या खांद्यावर रेललेली पुनम. दोघी चालत आल्या होत्या. सासरे संतराममामा वावरात जागलीला होते, सोमेश्वर टेम्पो घेऊन लातूरला गेलेला.

गोजरबाई म्हणाल्या, "बाई, पोरीला पान लागलं."

मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. मला तो शब्द येत होता म्हणून मला आनंद झाला.

कधीपासून, विचारलं. "काय म्हाईत. भुईवर निजली व्हती. पहाटं पोटात कळ आली म्हणली. आता डोळे झाकून राहिले." पुनमच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. मी तिचे हात-पाय उलटेपालटे करून पाहिले नाहीत. कशाला पाहीन? गोजरबाईंना बाजूला घेऊन मी समजावलं, की या वयात पोरीला असल्या सवयी लागू देऊ नका. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शिकलेली बाई आहे, शिकलेलंच काहीतरी बोलत असेल, असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाल्या, "सुई न्हाई का देणार, बाई?"

म्हटलं, याला सुई लागत नाही. पित्ताची गोळी दिली, लिंबू-मिठाचं पाणी केलं. तासा-दीड तासात उतरेल म्हटलं.

पुनमने एक घोट घेतला. सगळा ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर ओघळला. माझं शिक्षण तेव्हा तरी जागं व्हायला हवं होतं. तिला काही सांगायचं होतं. "ता—" एवढंच यायचं. मी म्हटलं, बोलू नकोस, पडून राहा.

आणि मी आत जाऊन चहा प्यायले.

साडेआठला गोजरबाईंनी पुन्हा सुईचं विचारलं. मी जरा चिडूनच बोलले. पावणेनऊला कॉटपाशी गेले तर ओठ निळे आणि छाती जवळजवळ हलत नव्हती. आठ पन्नासला रुग्णवाहिकेला फोन केला. तोंडावर श्वास द्यायचा फुगा लावून दाबत राहिले. पाच मिनिटांनी नजमाआपा आल्या. दारातूनच त्या पापण्या पाहिल्या आणि ओरडल्या, "या अल्ला! कुठं चावलं?"

मी म्हटलं, काय चावलं?

"जनावर, मॅडम! मण्यार असंल, तिचे दात दिसत न्हाईत. गोजरबाई म्हणल्या न्हाईत का, पान लागलं म्हणून?"

इथे सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर तो येतो म्हणतात. साप चावला की म्हणायचं, पान लागलं.

नऊ दहाला पुनम गेली. रुग्णवाहिका साडेनऊला आली.

आपांनी विचारलं, कधी आणली होती? मी म्हणाले, आत्ताच, पावणेनऊला. तोंडातून गेलं. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. रजिस्टरमध्ये ८.४५ लिहिलं. गोजरबाई बाहेर जमिनीवर डोकं आपटत होत्या.

आपांनी लिंबाच्या पाण्याचा ग्लास उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि धुऊन ठेवला.

१० सप्टेंबर

मोठे डॉक्टर येऊन गेले. उजव्या कानामागे टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके सापडले. औषध त्यांच्याकडे होतं. पंचवीस मिनिटांचा रस्ता. म्हणाले, आठच्या आत आली असती तर वाचली असती. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका सिस्टर. हे लोक आधी भगताकडे जातात, मग आपल्याकडे."

मी म्हणाले, हो सर.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सहज विचारावं तसं विचारलं, पान लागणं म्हणजे काय हो? एका श्वासात म्हणाले, "साप चावणं. का गं?" मी म्हटलं, काही नाही, कानावर आला शब्द. ते खूश झाले. म्हणाले, "शेजाऱ्यांवरून ओळखला असशील. पण खात्री करून घेतलीस हे बरं केलंस. शेजारीही कधी कधी खोटं बोलतात."



१३ सप्टेंबर

गावात एकच बोलणं. गोजरबाईने पोरीला आधी भगताकडे नेलं. शेजारणीने दोघींना सातच्या सुमाराला घरातून निघताना पाहिलं होतं, आणि माझ्याकडे आल्या पावणेनऊला. मधले पावणेदोन तास कुठे होत्या? रजिस्टर काय खोटं बोलतं?

सोमेश्वर आईशी बोलत नाही. तिच्या हातचं पाणी पीत नाही. संतराममामा मध्ये पडले तर त्यांनाही तोडून बोलला. गोजरबाई गोठ्यात राहतायत.

माझ्या दारात आज कुणीतरी हळदीची पुडी आणि नारळ ठेवून गेलं. फुगा दाबून दाबून बाईंचे हात सुजले म्हणे.

१६ सप्टेंबर

गोजरबाई आल्या होत्या. बाकावर बसल्या नाहीत, खाली बसल्या. म्हणाल्या, "बाई, मला घड्याळ कळत न्हाई. मला वाटून राहिलं, आमी बराबर तुमच्याकडंच आलो. वाटंत कुठं थांबलो न्हाई. पण सम्दे म्हणतात, थांबलो. तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. म्या उशीर केला का?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. एवढंच म्हणायचं होतं, नाही, मी केला.

मी म्हणाले, थोडा उशीर झाला, गोजरबाई.

त्यांनी मान हलवली. माझ्या पायाला हात लावून गेल्या.

१७ सप्टेंबर

सकाळी फाटकाची कडी वाजली. सात वीस. बाहेर कोणी नाही.

नऊला कुलूप काढून रजिस्टर उघडलं. आजच्या तारखेखाली पहिली ओळ भरलेली. पुनम सोमेश्वर, वय २०, वेळ ७.२०, तक्रार – पुढे कोरं. अक्षर माझं. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात होती.

पान फाडलं. चुलीत घातलं.

१८ सप्टेंबर

सात वीस. ती बाकावर बसली होती.

उन्हात. अगदी साध्या सकाळच्या उन्हात, तीच पिवळी साडी, पदरावर लिंबाच्या पाण्याचा डाग ओला. पापण्या अर्ध्यावर. मला घाबरवायला आल्यासारखी मुळीच नाही. नंबर लागायची वाट बघणाऱ्या पेशंटसारखी.

मी दार लावून घेतलं. नऊला नजमाआपा आल्या तेव्हा बाक रिकामा होता. बसायची जागा ओली होती. आपांनी फडक्याने पुसली आणि विचारलं, बाक कोणी धुतला?

रजिस्टरमध्ये पुन्हा तीच ओळ.

१९ सप्टेंबर

आज ती बोलली. ओठ मिटतच नाहीत तिचे, त्यामुळे शब्द नाही, नुसते स्वर. आ— ऊ—. खिडकीच्या फटीतून ऐकलं. आ— ऊ—. थांबते. माझ्या खिडकीकडे बघते. पुन्हा आ— ऊ—.

२० सप्टेंबर

पडवीत नाही, आत. कॉटवर. त्याच कॉटवर.

आ— ऊ—.

मी कोपऱ्यात उभी राहून जुळवत होते. लाज वाटते लिहायला, पण डोकं आपोआप तेच करत होतं. कोणता शब्द? मागे काय, पुढे काय? ती बघते माझ्याकडे, मग रजिस्टरकडे, मग दाराबाहेर गावाकडे. आ, ऊ.

सांगू.

सांगू? – असं विचारते आहे. मी सांगू, की तू सांगतेस?

२१ सप्टेंबर

गोठ्यात गेले. सोमेश्वरलाही बोलावून घेतलं. दोघांसमोर सगळं सांगितलं. सात वीस. तंबाखू. लिंबाचं पाणी. चहासुद्धा. खोटी वेळ. एकही गोष्ट मागे ठेवली नाही.

गोजरबाईंनी माझे हात धरले. म्हणाल्या, "न्हाई बाई. तुमी माझ्यासाठी खोटं बोलून राहिल्या. म्या आधी मारुतीला नारळ ठेवला. मंग पोरीला वाटंत बसवलं. मंग भगताचं दार वाजवलं, त्यो घरी नव्हता. सम्दं आठवतंय मला."

पाच दिवसांपूर्वी यातलं काही घडलं नव्हतं. आता त्यांना नारळाची शेंडीसुद्धा आठवते. एक एक तपशील स्वतःविरुद्ध शोधून काढलाय त्यांनी, मी दिलेल्या त्या एका वाक्याभोवती.

सोमेश्वरने मला हात जोडले. आईकडे न बघता म्हणाला, बाई, तुमचं मन लई मोठं हाय.

मी वाटेत हळदीच्या कडेला बसून राहिले. 

२२ सप्टेंबर

कॉटवर नाही. खुर्चीपाशी. माझ्या.

आ— ऊ—.

सांगितलं गं. सांगितलं मी. ऐकत नाहीत त्याला काय करू.

२३ सप्टेंबर

नजमाआपांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ग्लास पाहिला तेव्हाच कळलं होतं मला, मॅडम. वाट पाहून राहिले व्हते, तुमी कधी बोलता.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी भाकरी आणली होती. ती समोर ठेवली आणि चष्मा पुसत बसल्या.

उद्या दोघी मोठ्या डॉक्टरांकडे जाणार.

२४ सप्टेंबर

लिहून दिलं. सही केली. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही. चौकशी होईल. तोवर मी पेशंट बघायचे नाहीत.

दुपारी ते स्वतः गावात आले आणि संतराममामांच्या अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं.  सोमेश्वर गोठ्यात गेला आणि आईला हाताला धरून घरात घेऊन आला. हे आपांनी सांगितलं. मी तिथे नव्हते. तिथे उभं राहायचं तोंड नव्हतं मला.

येताना पाणवठ्यावरच्या बायकांनी पाठ फिरवली. बरोबरच आहे.

आता तरी झोप लागेल. आता ती येणार नाही.

२५ सप्टेंबर

आली.

सात वीस. इतक्या जवळ, की साडीला लिंबाचा वास—

आ— ऊ—.

राग नाही चेहऱ्यावर. कधीच नव्हता. मीच तो धरून चालले होते. घाई आहे. तिला घाई आहे. हात वर करून ती काहीतरी दाखवते. रजिस्टर नाही. ही वही.

म्हणजे सांगू नाही. तो शब्दच नाही. मी पुन्हा तेच केलं. माझी लाज शेजारी ठेवली आणि तिच्यावरून अर्थ लावला.

मग कोणता?

२६ सप्टेंबर

वही आपांच्या हातात दिली. मागचं पान. एक्केचाळीस शब्द. त्या बोटाने एकेक वाचत गेल्या. नऊ चुकीचे. सातांवर त्या हसल्यासुद्धा. आठवा पान लागणं.

नवव्यावर बोट थांबलं.

"वारं जाणे – गार वाऱ्याने अंग आखडणे." मी लिहिलेलं.

आपा म्हणाल्या, "मॅडम, वारं गेलं म्हणजे लकवा. कोण म्हणलं व्हतं?"

ऑगस्टच्या शेवटी एक म्हातारी आली होती. खालच्या आळीतली, एकटी राहते. डाव्या हातावरून उलसं वारं गेलं म्हणाली. मी चोळायला मलम दिलं. पंख्याखाली बसू नका म्हटलं.

नाव?

भागूबाई.

आ. ऊ. भागू.

धावत गेलो दोघी. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, पोळ्याला लेकीकडे गेली, कळमनुरीला. लेकीचा नंबर कोणाकडे नाही. आपा मिळेल त्या गाडीने निघाल्या. मुक्काम करीन पण शोधीन म्हणाल्या. मीही येते म्हटलं. नको म्हणाल्या, लोक तुमच्यासमोर बोलायचे न्हाईत.

खरंय.

संध्याकाळ. फोन नाही.

२७ सप्टेंबर

सात पाच. फोन नाही.

सात पंधरा. दार उघडंच ठेवलंय. वही मांडीवर.

कडी वाजली.

पुनम. बाकावर बसली. आज एकटी नाही— शेजारी भागूबाई आहेत.

भागूबाई! आल्या, म्हणजे बऱ्या आहेत, म्हणजे आपांनी त्यांना— पण इतक्या सकाळी कळमनुरीहून गाडी नसते.

चपला नाहीत पायात. पाय स्वच्छ. डावा हात मांडीवर, उजव्याने धरलेला. तोंड एका बाजूला—

फोन वाजतोय. नजमाआपा. हात जात नाही उचलायला. वाजतोय.

पुनम काही बोलत नाही आता. खाली बघते. भागूबाई बोलतायत. एकच शब्द, परत परत. स्पष्ट. सगळी अक्षरं ऐकू येतात आणि मला तो येत नाही. मागे काही नाही त्याच्या. पुढे काही नाही. नुसता शब्द.

नाही. अंदाज नाही करणार. विचारते.

उठले. समोर उभी आहे. लिहीत लिहीतच विचारते, हात थांबवला तर—

भागूबाई, मला कळलं नाही. म्हणजे काय?

त्या माझा हात धरतात. थंड— म्हणतात, बाई, म्हणजे